हातचा एक

सॉल्टबीची प्राथमिक शाळा जुलैत बंद झाली.
पटावर अकरा मुलं. कौन्सिलच्या हिशेबाला तीस लागत होती.
सप्टेंबरात मी टेप घेऊन आत शिरलो,
इथं म्हाताऱ्यांचं दिवसकेंद्र व्हायचंय,
मोजमापं सोमवारपर्यंत हवीत.

बेसिनं माझ्या मांडीला लागतात.
ती वर घ्यायची.
संडासात दोन्ही बाजूंना दांड्या,
उंबरठा काढून उतार,
आवारातल्या झोक्याचं काय, असं ऑफिसला विचारलंय.
उत्तर नाही अजून.

वर्गातल्या पांढऱ्या फळ्यावर एक बेरीज राहिलीय:
अठ्ठेचाळीस अधिक सत्तावीस,
खाली कुणाच्या तरी वाकड्या अक्षरात पासष्ट.
हातचा विसरला.
मीही विसरायचो. बार्शीला दौंडेबाई कान पिळून विचारायच्या,
“हातचा कुठं गेला रे? खाल्लास?”

कौन्सिलचा कान कोण पिळणार.
त्यांनी मुलांच्या रकान्यातून काढलं, म्हाताऱ्यांच्या रकान्यात घातलं,
खाली दोन रेघा ओढल्या.
शाळेची बस आता दवाखान्याला जाते.
ड्रायव्हर तोच, थांबे तेच,
फक्त चढायला वेळ लागतो.
माझं निवृत्तीचं वय परत एकदा सरकलं,
इथल्या ओहोटीसारखं:
चालावं तितकं पाणी पुढं.

मिस्टर थर्केटल रोज काम बघायला येतात.
एक्याण्णव वर्षांचे, याच शाळेत शिकलेले.
तेव्हा म्हणे एका बाकावर तिघं, आणि उवा सगळ्यांच्या सामाईक.
आता त्यांच्या गल्लीत सात घरांत सहा माणसं नि एक कुत्रा.
कुत्राही चौदा वर्षांचा.

त्यांची खुर्ची रुंबिद्झाई ढकलते.
तिला एका घराला पंधरा मिनिटं मिळतात,
गोळ्या, चहा, मोजे.
बोलणं त्यात धरलेलं नाही.
इथवर ती त्यांना आणते
ते तिच्या जेवणाच्या सुट्टीत.

कोट टांगायच्या खुंट्यांपाशी ती थांबली.
प्रत्येक खुंटीवर एक चित्र: देवमासा, छत्री, साळिंदर.
साळिंदराच्या खुंटीवर तळहात आडवा धरून म्हणाली,
“माझी एवढी आहे.”
सहा वर्षांची. मासविंगोला, बहिणीकडे.
नव्या नियमात हातांना व्हिसा मिळतो,
हाताला धरलेल्या मुलाला नाही.
हे तिनं
बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

मी टेप लावला. एकशे बारा सेंटिमीटर.
कशासाठी लावला कोण जाणे.
अकराला तीस करायला एकोणीस कमी पडत होती,
त्यातली एक इथं, तळहाताखाली,
आणि फॉर्मवर तिच्यासाठी रकाना नाही.

“काय म्हणतेय ती?” थर्केटल ओरडले. त्यांना ऐकू कमी येतं.
“खुंट्या वर घ्यायच्यात,” मी म्हणालो.
“कशाला? माझा हात खांद्याच्या वर जात नाही.
इथल्या कुणाचाच जात नाही.
राहू दे तिथंच, कोट अडकवता येतो.”
आणि त्यांनी अडकवला,
बसल्या जागेवरून,
देवमाशावर.

खुंट्या: बदल नाही, असं लिहिलं.
ऑडिटवाले विचारतील तेव्हा बघू.

निघताना वर्गात डोकावलो.
बेरीज दुरुस्त करावी म्हणून मार्कर उचलला.
वाळला होता.
मग बोटानं सहा पुसला.
तेवढंच जमलं.

आता तिथं नुसता पाच आहे,
आणि त्याच्या डावीकडे
जागा.